चौथ्या बॅटरीची पूजा राहिली

मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे घडलं त्यातला अर्धा गोंधळ माझ्या डोक्याने केला आणि अर्धा निस्तरलाही त्यानेच. गुम्मिडिपूंडीच्या ज्या कारखान्यात मी बॅटरी पॅक जोडणाऱ्या लाइनवर सुपरवायझर आहे, तिथल्या मुली माझ्या पाठीमागे मला ‘मिळगाय’ म्हणतात. मिळगाय म्हणजे मिरची. मला कळलं तेव्हा राग आला, आणि राग आला म्हणजे त्या खोटं बोलत नव्हत्या.

इचलकरंजीला डिप्लोमा केला, दोन ठिकाणी नोकरी केली आणि चेन्नईला आले. कोळत्तूरला एका तीनमजली घराच्या गच्चीवरची खोली भाड्याने मिळाली. घरमालक नवरा-बायको तंजावरी मराठी. त्यांच्या घराण्याने महाराष्ट्र सोडून किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी काकूंनी जिन्यात मला विचारलं, “जेवण जाहलें कां?” मला वाटलं, बाई माझी टर उडवते आहे. मग त्या सांबाराचं पातेलं घेऊन वर आल्या तेव्हा कळलं की त्या तशाच बोलतात, आणि त्यांच्या मते वेडंवाकडं मराठी माझंच आहे. गल्ली त्यांना मामी म्हणायची. मी काकू म्हणायचे, कारण मामी म्हटलं की मला माझी खरी मामी आठवायची आणि तिचं माझं पटत नाही.

काका निवृत्त गणित शिक्षक. त्यांची फुप्फुसं आखडत चालली होती. नाकाला नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं एक यंत्र, जे रात्रंदिवस घरघरत असे. वीज गेली की यंत्र बंद. मग काकू धावत जाऊन कोपऱ्यातल्या सिलिंडरची चावी फिरवत. घरातला जुना इन्व्हर्टर जेमतेम दीड तास दिवे-पंखे ओढायचा, यंत्र त्याला झेपत नसे. काकूंचे कान त्या घरघरीला बांधलेले होते. पोळ्या लाटताना, देवापुढे बसल्यावर, झोपेत, कधीही ती घरघर क्षणभर अडखळली की त्या उठून उभ्या असत. काकांच्या आजारपणाच्या तीन वर्षांत ही बाई सलग चार तास झोपली असेल असं मला वाटत नाही.

मी राहायला येण्याच्या आदल्या पावसाळ्यात वादळ झालं होतं. रस्त्यात पाणी भरलं आणि सबंध भागाची वीज दोन दिवस बंद ठेवली. तेव्हा ते दोघं तळमजल्यावर राहत. दोन्ही सिलिंडर संपले. काकांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्चीसकट होडीत ठेवून, साऱ्या गल्लीसमोर दवाखान्यात नेलं. लुंगी भिजलेली, डोक्यावर ताडपत्री, आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून त्यांचेच जुने विद्यार्थी बघत होते. परत आल्यावर त्यांनी बिऱ्हाड पहिल्या मजल्यावर हलवलं आणि काकूंना एकच गोष्ट सांगितली. पुन्हा पाणी आलं तर मी कोठें जाणार नाहीं, जें व्हायचें तें येथें होऊं दे.

काकू हे कुणालाच सांगत नव्हत्या. मला सांगितलं ते ऑगस्टमध्ये, गच्चीवर वडाम, म्हणजे तांदळाच्या पापड्या, वाळत घालताना.

“तूं बॅटऱ्या करतेस ना?” त्या म्हणाल्या. “मग मला एक करून दे. पाऊस यायच्या आंत.”

चेन्नईचा मोठा पाऊस दिवाळीच्या सुमाराला येतो. मी हो म्हटलं. माझी छाती फुगली होती हेही कबूल करते. कारखान्यात मी रोज शेकडो पॅक तपासून पाठवते, पण ते कुणाच्या घरी जातात, कशाला लागतात, कधी कळत नाही. हे पहिलं काम होतं ज्यामागचा माणूस मला माहीत होता.

काम तसं सरळ. चोवीस व्होल्टच्या चार लिथियम बॅटऱ्या शेजारी शेजारी ठेवायच्या, सगळ्यांचे प्लस एका तांब्याच्या पट्टीला, सगळ्यांचे मायनस दुसऱ्या पट्टीला. व्होल्टेज तेवढंच राहतं आणि साठा चौपट होतो. पण यात एक मेख आहे. लिथियमची बॅटरी जुन्या आम्लाच्या बॅटरीसारखी कुरकुरत करंट देत नाही, मागाल तेवढा एका दमात देते. चारांतली एक आतून बिघडली तर उरलेल्या तिघी आपला सगळा साठा तिच्यात ओततात, आणि ‘अगं, बंद कर’ म्हणेपर्यंत वायर लाल होते. म्हणून प्रत्येक बॅटरीला तिचा स्वतःचा फ्यूज हवा, तोही प्लसच्या टोकापासून वीतभर अंतरात. शिवाय सगळ्यांचा मिळून एक मोठा. आणि चारही वायरी मापून एकाच लांबीच्या हव्यात, नाहीतर जिची वायर आखूड तीच राबत राहते.

गल्लीतले इलेक्ट्रिशियन अण्णा हे ऐकून हसले. पस्तीस वर्षं त्यांनी या गल्लीच्या वायरी ओढल्या होत्या.

“मॅडम, ओरु फ्यूज पोदुम,” ते म्हणाले. एक फ्यूज पुरे.

“नाही पुरत.”

“मग एवढी वर्षं माझी घरं जळाली का?”

“तुमच्या घरांत लिथियम नव्हतं.”

बघता बघता आवाज चढले. खुर्चीतून काकांनी हात वर केला, वर्गात करत असतील तसा, आणि आम्ही दोघंही गप्प झालो. त्यांनी पाटीवर एक टाकी काढली आणि तिला चार नळ. हे गणित त्यांनी जन्मभर शिकवलं होतं. दम घेत घेत ते म्हणाले, “चारी नळ सारखे असतील तरच भागिले चार. एक मोठा, तीन बारीक, तर भागाकार चुकला. ही सांगते तें बरोबर.” अण्णांनी मान डोलावली, पण जिन्यात जाता जाता पुटपुटले ते मला ऐकू आलंच. पुस्तकी आहे, असं काहीसं.

बॅटऱ्या आल्या. मी चारही एकाच खेपेच्या मागवल्या होत्या, पण चौथीचं खोकं चेपलेलं आलं. मी ते दारातूनच परत पाठवलं. बदली बॅटरी यायला दहा-बारा दिवस गेले. मधल्या काळात तिघी बैठकीच्या खोलीत भिंतीशी उभ्या होत्या, आणि तेवढ्यात खंडेनवमी आली.

तामिळनाडूत ही आयुधपूजा म्हणजे काय प्रकार असतो ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. रिक्षा, शिलाई मशीन, मिक्सर, लिफ्ट, एटीएम, जे जे म्हणून काम करतं त्या सगळ्याला चंदनाचा टिळा आणि त्यावर कुंकू लागतं. आमच्या कारखान्यात तर टेस्टिंग मशीनना हार घालतात आणि दाराशी कोहळा फोडतात. संध्याकाळी घरी आले तर तिन्ही बॅटऱ्यांना शेवंतीच्या माळा. मला आवडलं. काकूंना एवढंच म्हणाले, “काकू, बॅटऱ्या स्वच्छ हव्यात हं मला, चौथी आली की जोडायला घेणार आहे.” त्यांनी मान हलवली. चौथी त्यानंतर आली.

जोडणी मी एका रविवारी केली. आधी चारही बॅटऱ्या एकेक करून पूर्ण भरून घेतल्या, व्होल्टेज मीटरवर तंतोतंत सारखं झाल्याशिवाय एकमेकींना शिवू दिलं नाही. वायरी कापल्या, टोकांना तांब्याचे लग, म्हणजे बोल्टसाठी भोक असलेल्या पट्ट्या, दाबून बसवले, फ्यूज लावले, बोल्ट आवळले, सगळं एका पेटीत बसवून नव्या मोठ्या इन्व्हर्टरला जोडलं. अशी देखणी जोडणी झाली की मी फोटो काढून आईला पाठवला.

चाचणीसाठी दिवसही चांगला मिळाला. पावसाळ्याआधी वीजवाले दुरुस्तीसाठी गल्लीची वीज सकाळी नऊ ते दोन बंद ठेवतात, तो दिवस. मी रजा काढली आणि अण्णांना मुद्दाम बोलावलं. खोटं कशाला बोलू, त्यांची जिरवायला बोलावलं.

नऊला वीज गेली. यंत्राची घरघर एक क्षण थांबली, मी यंत्र बॅटऱ्यांवर घेणारा स्विच हाताने फिरवला आणि ती पुन्हा सुरू झाली. काकू टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या. मी म्हणाले, “सगळं लावा. पंखे, दिवे. इंडक्शनवर इडलीपात्र चढवा. बघू दे अण्णांना.”

वीस मिनिटं सगळं चाललं. इडल्या अर्धकच्च्या होत्या तेव्हा इन्व्हर्टर ओरडायला लागला आणि मग सगळंच गेलं. पंखे थांबले. यंत्र थांबून त्याचा भोंगा वाजला. काकू सिलिंडरकडे धावल्या, पण घाईत चावी लवकर बसेना. अण्णांनी ती त्यांच्या हातातून घेऊन फिरवली. काका खिडकीबाहेर बघत होते, आणि मला त्या क्षणी जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. पाऊस तीन आठवड्यांवर आला होता.

मी पेटीचं झाकण काढलं. चौथ्या बॅटरीचा फ्यूज उडाला होता. बाकी तिन्ही शाबूत. मला काही सुधरेना. चौघींत वाटून घेतलं तर एकीच्या वाट्याला फ्यूजच्या निम्मासुद्धा भार येत नव्हता. मग मी नेहमीप्रमाणे दुसऱ्यांवर घसरले. फ्यूज खोटा आहे, लग विकणाऱ्याने फसवलं, बदलून आलेली बॅटरीच सदोष आहे. काकू मागे येऊन उभ्या राहिल्या तर त्यांच्यावरही ओरडले, “काकू, आत्ता उदबत्ती नका लावू, प्लीज.”

“मीं कोठें लावली?” त्या म्हणाल्या.

चंदनाचा वास येत होता. चांगला घमघमाट. मी देवघराकडे पाहिलं, तिथे समईसुद्धा विझलेली होती. मग मी पेटीत वाकले आणि वास वाढला. पहिल्या बॅटरीच्या प्लसला बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं. दुसरी गरम, तिसरी गरम. चौथी मात्र गार होती.

सगळी वीज तोडून मी पहिल्या बॅटरीचा बोल्ट उघडला. लगच्या खाली, पितळी टोकावर, पापुद्र्यासारखा चंदनाचा थर होता, कडेने भाजून तपकिरी झालेला.

झालं होतं असं. खंडेनवमीला काकूंनी बॅटरीच्या प्लास्टिकच्या डोक्याला टिळा लावलाच, शिवाय जेथून करंट निघतें तेंच खरें आयुध म्हणून सहाही टोकांना चंदन-कुंकू लावलं. मी स्वच्छ हव्यात म्हटलं, म्हणून दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून काढलं. कुंकू गेलं, चंदनाचा पातळ लेप राहिला. नवं पितळ आणि वाळलेलं चंदन यांचा रंग असा काही एक, की मलाही दिसला नाही. त्या लेपातून करंट नीट जाईना. म्हणून तिघी मागे राहिल्या आणि जिला टिळाच लागला नव्हता ती चौथी एकटी सगळं घर ओढत राहिली, फ्यूज उडेपर्यंत. मग सगळा बोजा त्या तिघींवर आला, चंदन तापलं, व्होल्टेज कोसळलं, इन्व्हर्टर झोपला.

फ्यूज कुठला उडाला हे ऐकून काकूंचा चेहरा एकदम उजळला. “बघ, तिचीच पूजा राहिली होती. मीं तेव्हांच म्हणणार होतें.”

“काकू, तिची पूजा राहिली म्हणूनच ती काम करत होती!”

“मग मोडली कां?”

“एकटीने केलं म्हणून!”

काका हसायला लागले. हसता हसता खोकला आला, खोकला थांबल्यावर पुन्हा हसले. “दोघींचें उत्तर एकच,” ते म्हणाले, “रीत तेवढी वेगळी.”

पण मी उरलेल्या दोघींचे बोल्ट उघडत गेले तसा काकूंचा चेहरा उतरत गेला. आपल्या हातच्या टिळ्याने नवऱ्याचा श्वास अडकला असता, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्या हळूच म्हणाल्या, “माझ्या हातानें जाहलें कीं.” आणि माझा राग उतरला तो असा, की आजतागायत त्या प्रसंगाचा राग मला आलेला नाही. मी त्यांना खरं ते सांगितलं. बोल्ट आवळण्याआधी धातूला धातू भिडतो आहे की नाही हे बघणं आवळणाऱ्याचं काम असतं. टोक घासून पुसून घ्यायचं आणि मगच लग ठेवायचा, हे मी लाइनवर रोज ओरडून सांगते आणि कुणी विसरलं तर त्याची खैर नसते. घरी नव्याकोऱ्या बॅटऱ्या बघून मीच ते केलं नव्हतं. चूक माझी होती, आणि ती अण्णांसमोर बोलून दाखवताना माझी जीभ जड झाली होती.

अण्णा कधीचे त्या उडालेल्या फ्यूजकडे बघत होते. “माझा एकच मोठा फ्यूज असता,” ते सावकाश तामिळमध्ये म्हणाले, “तर तो उडालाच नसता. या चौथीची वायर जळाली असती.” त्यांनी वायर बोटांत धरून पाहिली आणि ठेवून दिली. “अंद फ्यूज एंग किडैक्कुम?” तसा फ्यूज कुठे मिळतो, असं विचारत होते. मी रिची स्ट्रीटवरचं दुकान सांगितलं. ते स्वतःच गाडी काढून गेले आणि दोन घेऊन आले, एक माझ्यासाठी आणि एक स्वतःला ठेवायला.

पुढचा रविवार मी आठही टोकं आणि आठही लग बारीक पॉलिश पेपरने घासण्यात घालवला. चंदनाचा मागमूस राहू दिला नाही. मोजून ताण दाखवणाऱ्या पान्याने बोल्ट आवळले. मग मेन स्विच पाडला, पुन्हा सगळं लावलं, इडलीपात्रासकट, आणि एकेका वायरभोवती क्लॅम्प मीटर धरून मोठ्याने करंटचे आकडे वाचले. अठ्ठावीस. एकोणतीस. अठ्ठावीस. अठ्ठावीस. काकांनी पाटीवर लिहून घेतले, बेरीज केली, भागिले चार केलं आणि पाटी आमच्याकडे वळवून धरली. वर्गात पहिला नंबर आल्यावर वाटलं नव्हतं तेवढं मला तेव्हा वाटलं. इडल्या फुगून वर आल्या. मग काकूंनी चंदनाची वाटी आणली, माझ्याकडे बघून थांबल्या, आणि मी दाखवलं त्या जागी, प्लास्टिकच्या झाकणांवर, चार टिळे लावले. सुरुवात चौथीपासून केली.

वादळ डिसेंबरात आलं. सकाळी सहाला सगळ्या भागाची वीज तोडली. मी स्विच फिरवला. दुपारपर्यंत गल्लीत कमरेएवढं पाणी झालं, रिक्षा तरंगून फाटकाला आपटायला लागल्या. आम्ही फक्त यंत्र आणि एक दिवा चालू ठेवला होता. मी दर तासाला चारही वायरींचा करंट मोजत होते, आणि दर तासाला तो सारखाच निघत होता. काकू सिलिंडरशेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या, चावी मुठीत. मी कितीदा सांगितलं, लागणार नाही. त्या मान हलवत आणि चावी सोडत नसत. तो दिवस गेला, रात्र गेली, त्या तिथेच होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला होडी आली. मागच्या खेपेचीच माणसं. त्यांना घर आठवत होतं, बरोबर प्लास्टिकची खुर्ची आणली होती. काका उठले. नळी नाकाला तशीच, एका हाताने भिंत धरून खिडकीपर्यंत गेले आणि वरून तामिळमध्ये म्हणाले, “कोपऱ्यावरच्या घरात बाळंतीण आहे, तिला न्या. माझ्याकडे करंट आहे.” आवाज बारीक होता पण सगळ्या गल्लीने ऐकला, कारण दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या होत्या. होडीतल्या एकाने हात जोडले आणि वल्हं मारलं. मला रडू आलं, आणि मी ते आवरायच्या भानगडीत पडले नाही.

काका येऊन खुर्चीत बसले. काकूंनी हातातली चावी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

आठ वाजून गेल्यावर वीज आली. गल्लीत एकच ओरडा झाला, समोरच्या घरात टीव्ही मोठ्याने लागला, खाली कुणाची तरी मोटर धडधडायला लागली. मी सवयीने उठून स्विचला हात घातला, यंत्र पुन्हा बाहेरच्या विजेवर घ्यायला.

“थांब,” काका कुजबुजले.

मी वळले. काकू गाढ झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, हात मांडीवरून सुटलेले. एवढ्या गोंगाटात पापणीसुद्धा हलली नव्हती.

“स्विच फिरवलास कीं यंत्र एक क्षण थांबेल,” ते म्हणाले. “ती उठेल.”

बॅटऱ्यांत अजून दोन तासांचा साठा होता. मी हात मागे घेतला आणि जमिनीवर बसून राहिले. काकू दहा वाजता आपणहून उठल्या.